मोज्यांतली चांदी कुठे जाते?

२००९ च्या डिसेंबरमध्ये टाटा समूहाने ‘स्वच्छ’ नावाचा घरगुती जलशुद्धी संच बाजारात आणला. त्याला वीज लागत नसे, नळाला दाब असण्याचीही गरज नव्हती. आत भाताच्या तुसाची राख होती आणि त्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले होते. तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याच्या कल्पनेवर त्याआधी पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात काम झाले होते. राखेने गढूळपणा अडवायचा आणि चांदीने जिवाणू मारायचे, अशी कामाची वाटणी. दूषित पाण्याने जिथे अजून मुले आजारी पडतात, त्या देशात चांदीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

त्याच सुमारास हेच कण पायमोज्यांत, बनियनांत, चादरींत, भाजी चिरायच्या फळ्यांत आणि फ्रीजच्या अस्तरातही शिरले होते. मोज्यांत चांदी घालण्याचे कारण साधे आहे. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. कातडीवरचे जिवाणू घामातले पदार्थ फोडतात तेव्हा वास सुटतो. जिवाणू मेले की वास गेला. पण मोजे धुवावे लागतात. ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी २००८ साली दुकानात मिळणारे सहा प्रकारचे मोजे घेतले आणि ते पाण्यात पुन्हापुन्हा खंगाळून पाहिले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. काहींतून मात्र ती फारशी सुटली नाही. कापडात चांदी कशी बसवली आहे यावर सारे अवलंबून होते.

सुटलेली चांदी मोरीतून गटारात जाते. गटारात आणि पुढे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जे जिवाणू असतात, त्यांच्यावरच आपल्या शहरांची स्वच्छता उभी आहे. जिवाणू मारण्यासाठी मुद्दाम घडवलेला कण अशा ठिकाणी पोचला तर काय होईल, ही शंका तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना आली. तिचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते ‘कण विषारी आहे’ किंवा ‘कण निरुपद्रवी आहे’ अशा एका वाक्यात मावत नाही. कारखान्यातून निघालेला कण आणि जिवाणूपर्यंत पोचणारा कण यांत फार मोठे अंतर पडते, आणि ते अंतर पाडण्यात खुद्द जिवाणूंचा हात असतो.

चांदी आणि सूक्ष्मजीवांचे वैर जुने आहे. १८६९ साली जूल रोलँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाहिले की काळी बुरशी चांदीच्या भांड्यात वाढत नाही. नॅनोचांदीही वाटते तितकी नवी नाही. कॅरी ली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये चांदीचे जे कलिल द्रावण तयार केले, त्यातले कण ७ ते ९ नॅनोमीटरचे होते. ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हते, इतकेच. आजचा फरक आहे तो प्रमाणाचा आणि वापर कुठे होतो त्याचा.

आकाराचा अंदाज आधी घेऊ. मीटरचा अब्जांश म्हणजे एक नॅनोमीटर. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २,००० नॅनोमीटर लांब असतो. म्हणजे २० नॅनोमीटरचे शंभर कण त्याच्या अंगावर एका ओळीत मावतील. ई. कोलायला दोन पटले असतात आणि मधे पातळ भिंत असते. बाहेरच्या पटलात अन्नकणांसाठी जी छिद्रे असतात ती जेमतेम एक नॅनोमीटर रुंद असतात. वीस नॅनोमीटरचा कण त्यातून आत जाऊ शकत नाही. मग तो मारतो कसा?

तीन शक्यता सांगितल्या जात. कण पटलाला चिकटून ते फाडतो, ही पहिली. क्रोएशियातल्या संशोधकांनी २००४ साली घेतलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांत ई. कोलायच्या पटलावर खड्डे पडलेले दिसले होते, त्यामुळे ही कल्पना रुजली. कणाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची आक्रमक रूपे तयार होतात आणि ती पेशीला जाळतात, ही दुसरी. तिसरी शक्यता अशी की कण फक्त साठा आहे. त्यातून चांदीचे आयन हळूहळू सुटतात, छिद्रांतून आत शिरतात आणि श्वसनाच्या साखळीतल्या प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट धरून बसतात. ते प्रथिन मग कामातून जाते.

तिन्हींत खरे काय, हे ठरवणे अवघड होते, कारण साध्या चंबूत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात पेद्रो आल्वारेझ यांच्या गटाने २०१२ मध्ये यावर जो उपाय काढला तो मला फार देखणा वाटतो. चांदीचा कण विरघळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनने चांदीचे अणू गंजवल्याशिवाय आयन सुटत नाहीत. तेव्हा त्यांनी प्रयोगातून ऑक्सिजनच काढून टाकला. ई. कोलाय हवेशिवायही जगतो, म्हणून तो या प्रयोगाला चालला. चांदीचे कण हवाबंद पेटीत तयार केले, तिथेच जिवाणूंना दिले आणि पाहिले. जिवाणू मेले नाहीत. आयनांच्या मारक मात्रेच्या साडेसात हजार पटींहून अधिक चांदी कणांच्या रूपात दिली, तरी मेले नाहीत. तेच कण हवेत उघडे ठेवल्यावर मात्र मारू लागले, आणि किती जिवाणू मरतील हे सुटलेल्या आयनांच्या हिशेबाशी जुळले. ई. कोलायपुरता तरी कण हा आयन पुरवणारा साठा ठरला.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. मारक मात्रेच्या खाली, अगदी थोडी चांदी दिली तेव्हा काही वेळा जिवाणू उलट ६ ते १३ टक्क्यांनी अधिक तगले. थोड्याशा त्रासाने पेशीची संरक्षण यंत्रणा जागी होते, असा त्याचा अर्थ लावतात. पर्यावरणात मोठी मात्रा क्वचितच असते, बहुतेक वेळी ती अशीच थोडी असते. म्हणून हे छोटे निरीक्षण मला मुख्य निष्कर्षाइतकेच मोलाचे वाटते.

सगळे नॅनोकण चांदीसारखे वागत नाहीत. झिंक ऑक्साइड पाण्यात बऱ्यापैकी विरघळते आणि जस्ताचे आयन सोडते. रंगांत आणि सनस्क्रीनमध्ये असणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील प्रकाश लागतो. उन्हात ते जिवाणूंना जाळू शकते, नदीच्या तळच्या अंधारात जवळजवळ निष्क्रिय राहते. डिझेलमध्ये घालायच्या मिश्रणात वापरले जाणारे सिरियम ऑक्साइड विरघळत नाही, पण जिवाणूच्या बाहेरच्या पटलाला चिकटून बसते. प्रत्येकाची रीत वेगळी, म्हणून एका कणावरचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

आता चंबू सोडून नदीकडे येऊ. कण पाण्यात पडला की काही मिनिटांतच त्यावर आवरण चढते. कुजलेल्या पाल्यातली ह्युमिक आम्ले, प्रथिनांचे तुकडे, शर्करेच्या साखळ्या त्याला लपेटतात. त्याचा विद्युतभार बदलतो. बोअरच्या जड पाण्यासारखे कॅल्शियम भरपूर असलेले पाणी असेल तर कण एकमेकांना दूर सारण्याऐवजी गोळा होतात, गुठळ्या बनतात आणि तळाला बसतात. जिवाणूही एकेकटे तरंगत नसतात. नदीतल्या दगडावर पाय घसरतो तो त्यांच्याच बुळबुळीत थरावरून. बायोफिल्म म्हणतात ती हीच. स्वतः स्रवलेल्या चिकट शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांच्या जाळ्यात जिवाणू राहतात, आणि कण जितका मोठा तितका त्या जाळ्यातून त्याला सरकायला जास्त वेळ लागतो. वरच्या थरातले जिवाणू मेले तरी खालचे तगतात.

गटारात तर याहून मोठी उलथापालथ होते. तिथल्या घाणीत ऑक्सिजन नसतो. अशा जागी काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. गटाराला सडक्या अंड्याचा वास येतो तो याच वायूमुळे. चांदी आणि सल्फाइड यांची ओढ विलक्षण आहे. देवघरातले चांदीचे निरांजन काळे पडते तेही याच रसायनाने. चांदीचा कण सल्फाइडच्या संपर्कात आला की सिल्व्हर सल्फाइड होतो, आणि सिल्व्हर सल्फाइड पाण्यात विरघळत नाही म्हटले तरी चालेल. आयन सुटत नाहीत, म्हणजे साठ्याला कुलूप लागले.

हे केवळ कागदावरचे अनुमान राहिले नाही. व्हर्जिनिया टेकमधल्या बोजंग किम, मायकेल होचेला आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका शुद्धीकरण केंद्राचा खरा गाळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात त्यांना सिल्व्हर सल्फाइडचे ५ ते २० नॅनोमीटरचे कण सापडले. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये राल्फ कॅगी यांच्या गटाने एका प्रायोगिक केंद्रात चांदीचे कण सोडून त्यांचा माग काढला. बहुतेक चांदी गाळात गेली आणि तिचे सल्फाइड झाले. सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंना चांदीशी काही देणेघेणे नव्हते. ते आपले श्वसन करत होते. पण त्यांच्या श्वसनाने पुढच्या टाक्यांतल्या जिवाणूंवरचे संकट बरेचसे टळले.

जिवाणू आणि नॅनोकण यांची ओळख माणसाच्या कारखान्यांहून कितीतरी जुनी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पाण्याने भरलेल्या पिकेट खाणीत असेच सल्फेटवर जगणारे जिवाणू झिंक सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण तयार करतात, आणि त्यांच्याच प्रथिनांमुळे ते कण एकत्र येऊन गोळे बनतात. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. चांदीच्या खाणीतून मिळवलेला स्यूडोमोनास स्टुट्झेरी हा जिवाणू आपल्या दोन पटलांमधल्या पोकळीत चांदीचे २०० नॅनोमीटरपर्यंतचे स्फटिक साठवतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कौशल्याचा उपयोग करून घेतला. २००३ मध्ये त्यांनी दाखवले की थर्मोमोनोस्पोरा हा उष्णताप्रिय जिवाणू क्षारांच्या द्रावणातून सोन्याचे नॅनोकण पेशीबाहेर घडवतो. फ्युजेरियम बुरशीकडून चांदीचे कण करून घेण्याचे त्यांचे काम तर जगभर अनुसरले गेले. धातूचे विषारी आयन निरुपद्रवी कणांत बांधून टाकण्याची ही हातोटी जिवाणूंनी फार पूर्वी कमावली आहे.

तरीही शंका पूर्ण मिटत नाही. सांडपाण्यातल्या अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू अतिशय नाजूक असतात. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. एकदा मेले की टाकी पुन्हा भरून यायला आठवडे जातात, आणि तोवर अमोनिया तसाच नदीत जातो. मिसूरी विद्यापीठात झिकियांग हू यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये लिटरला एक मिलिग्रॅम चांदी दिली तेव्हा आयनांनी या जिवाणूंचे श्वसन ४२ टक्क्यांनी घटले आणि नॅनोकणांनी तब्बल ८६ टक्क्यांनी. ५ नॅनोमीटरहून लहान कण जितके जास्त, तितकी हानी जास्त. राइस विद्यापीठाच्या निष्कर्षाशी हे सरळ जुळत नाही. या जिवाणूंचे काम ऑक्सिजनशिवाय चालतच नाही, म्हणून ऑक्सिजन काढून टाकण्याची ती कसोटीही त्यांना लावता येत नाही. चिकटलेला कण पटलाजवळच आयन सोडत असेल, तर पाण्यात मोजलेल्या आयनांहून पेशीला मिळणारी मात्रा कितीतरी जास्त असू शकते. मला हा खुलासा सर्वांत पटण्यासारखा वाटतो.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे, कारण आपले बरेचसे सांडपाणी केंद्रापर्यंत जातच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या नोंदीनुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२,००० दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता सुमारे ३२,००० दशलक्ष लिटर होती. बाकीचे नाल्यांतून नदीत जाते. नाल्यातही सल्फाइड असते, त्यामुळे चांदीचे कण तिथेही काळे पडू लागतील. पण पावसाळ्यात नाला दुथडी वाहतो, पाण्यात हवा मिसळते आणि मोरीतून नदीपर्यंतचे अंतर काही तासांत कापले जाते. तेव्हा किती कण सल्फाइड होऊन पोचतात आणि किती कोरे, हे मुठेसारख्या नदीच्या काठी बसून मोजण्याचेच काम आहे.

केंद्रातला गाळ पुढे खत म्हणून शेतात जातो, आणि चांदीही त्याच्यासोबत जाते. ड्यूक विद्यापीठातल्या बेन कोलमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचा प्रयोग उघड्यावर ठेवलेल्या मातीच्या मोठ्या पेट्यांत केला. त्यांत मातीचे नैसर्गिक जिवाणू होते, गवते होती, वर ऊनपाऊस होता. एक किलो मातीला ०.१४ मिलिग्रॅम इतकी कमी चांदी गाळातून दिली. एका गवताची वाढ ३२ टक्क्यांनी घटली, मातीतल्या सूक्ष्मजीवांचे वस्तुमान ३५ टक्क्यांनी घटले आणि एका टप्प्यावर नायट्रस ऑक्साइडचे उत्सर्जन साडेचार पट झाले. नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. नायट्रेट फोडण्याच्या साखळीतली शेवटची कडी अडली की हा वायू नायट्रोजन होण्याआधीच मातीतून निसटतो. इथे जिवाणू मेले किती यापेक्षा कुठले काम अर्धवट राहिले, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पुढचा प्रयोग अगदी जवळचा वाटेल. सोयाबीनच्या बियाण्याला तो रायझोबियमची बीजप्रक्रिया करतो, कारण मुळांवरच्या गाठींत हेच जिवाणू हवेतला नत्र बांधतात. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅट्रिशिया होल्डन यांच्या गटाने २०१२ मध्ये नॅनोकण मिसळलेल्या मातीत सोयाबीन वाढवले. झिंक ऑक्साइडच्या मातीतले जस्त पानांपर्यंत आणि दाण्यांपर्यंत पोचले. सिरियम ऑक्साइड जास्त मात्रेत दिले तेव्हा गाठी होत्या, पण त्यांतले नत्र बांधण्याचे काम जवळजवळ थांबले. शेतात अशी मात्रा सहज येत नाही, हे खरे. पण नॅनो खतांच्या बाटल्या आज आपल्या कृषी सेवा केंद्रांत मिळू लागल्या आहेत. त्यांतला पदार्थ वेगळा असला तरी नव्या प्रत्येक उत्पादनाची गाठींवरची चाचणी शेतकऱ्याच्या हाती पडायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आता प्रतिकाराकडे वळतो. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर चांदीची औषधे फार काळ आधार होती. १९७० च्या दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला शिरला. काही रुग्ण दगावले, कक्ष बंद ठेवावा लागला. त्या जिवाणूवर ॲम्पिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल हेही चालत नव्हते. १९९९ मध्ये सायमन सिल्व्हर यांच्या गटाने त्याची जनुके उलगडली. एक प्रथिन चांदीचे आयन पकडून ठेवते आणि बाकीची प्रथिने पंपासारखी ते बाहेर फेकतात. ही जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर होती, आणि त्याच कड्यावर प्रतिजैविकांच्या प्रतिकाराची जनुकेही होती. मोज्याच्या वासासाठी चांदी उधळताना आपण भाजलेल्या माणसाचे औषध बोथट करत असतो. हा सौदा मला अजिबात मान्य नाही.

आयनांविरुद्ध पंप आहे, पण कणांविरुद्ध काय? चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स शहरातल्या पालात्स्की विद्यापीठाने २०१८ मध्ये याचे अनपेक्षित उत्तर दिले. त्यांनी ई. कोलाय आणि स्यूडोमोनास यांना कमी मात्रेच्या चांदीच्या कणांत पुन्हापुन्हा वाढवले. काही पिढ्यांनी कण त्यांना मारेनासे झाले. जनुकांत मात्र बदल सापडला नाही. जिवाणू ज्या शेपटीने पोहतो ती फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाची असते. हे जिवाणू ते प्रथिन जास्त तयार करू लागले होते. त्यामुळे आसपासच्या कणांच्या गुठळ्या होत, आणि गुठळी झालेला कण निकामी होई. कणांवर रासायनिक आवरणे चढवूनही उपयोग झाला नाही. शेवटी उपाय सापडला तो डाळिंबाच्या सालीच्या अर्कात, जो फ्लॅजेलिन तयार होऊच देत नाही. सांगोल्याकडे ज्या फळाच्या बागाच बागा आहेत, त्याची टाकून दिली जाणारी साल इथे कामाला आली.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो मात्र चांदीचा प्रयोग नव्हे. २०१२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात घातले आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे प्लाझ्मिड किती वेळा जाते ते मोजले. ई. कोलायकडून साल्मोनेलाकडे, म्हणजे वेगळ्या प्रजातीकडे, अनेक प्रतिजैविकांच्या प्रतिकाराची जनुके नेहमीच्या २०० पटींपर्यंत अधिक वेळा गेली. कणांनी पटलांना इजा केली होती आणि पेशींवर ताण आणला होता. त्या ताणात जिवाणूंमधली देवघेव वाढली.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ मध्ये चांदीचे आयन सोडणाऱ्या एका वॉशिंग मशीनला कीडनाशकांच्या कायद्याखाली आणायचे ठरवले, आणि त्या निर्णयाचा आधार होता तो उत्पादनाचा दावा. जो जिवाणू मारतो असे सांगतो, त्याची तपासणी. ॲल्युमिनियम ऑक्साइड चकाकी आणण्यासाठी, घासण्यासाठी, सिरॅमिकसाठी विकले जाते. त्याच्या वेष्टनावर जिवाणूंचा उल्लेखही नसतो. त्यामुळे जनुकांच्या देवघेवीवर त्याचा काय परिणाम होतो, हे अशा कायद्याने विचारण्याची वेळच येत नाही. ही तपासणी चांदीच्या तपासणीइतकीच तातडीची आहे. ती करायची तर ऊर्ध्वपातित पाण्याच्या चंबूत करून भागणार नाही. रुग्णालयाचे सांडपाणी जिथे येऊन मिळते, जिथे प्रतिजैविकांचे अंश, प्लाझ्मिडे आणि कण एकत्र असतात, त्या नाल्याच्या गाळातच ती करावी लागेल.